माडीच्या फळ्यांचा ओटा

आमच्या माडीची जमीन मला पायांपेक्षा गुडघ्यांनी जास्त ठाऊक होती. सुट्टीच्या दिवशी ती झाडायचं काम माझ्याकडे असे, आणि फळ्यांच्या सांध्यातला कचरा उभ्याने निघत नसे. गुडघे टेकून, केरसुणीचा एकेक हीर सांध्यात घालून ओढत जायचं. निघायचं काय, तर सरकी, ज्वारीचे दाणे, सुतळीचे तुकडे, एखादी फुटलेली बांगडी. दिवाळीनंतर मात्र सांध्यासांध्यातून कापसाची बोटभर वात यायची, जणू फळ्यांनीच ती वळून ठेवली होती.

पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठच्या गावात आमचं घर. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि माडीच्या वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. कडीपाट म्हणतात त्या कड्या-फळ्यांना. खालच्या माणसाला ते छत, वरच्याला जमीन. आजोबांनी १९३६ साली माडी चढवली. लाकूड सातपुड्यातलं, चोपड्याच्या बाजूने बैलगाड्यांवर आलेलं. तापीचं पाणी उतरल्यावर हिवाळ्यात गाड्या पार केल्या, असं आजी सांगायची. माडीवर बऱ्याच घरांत फळ्यांवर मातीचा थर देऊन सारवायचे. आमच्याकडे आजोबांनी फळ्या उघड्याच ठेवल्या, कारण तिथे कापूस भरायचा होता आणि कापसाला माती लागली की भाव पडतो.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावरच विकायचा, तेव्हा मी शाळेत होते. केंद्रावर नंबर लागेपर्यंत कापूस घरातच राहायचा, कधीकधी छातीइतका. त्यात उड्या मारायला आम्हाला बंदी होती आणि आम्ही मारायचो. रात्री अंग खाजायचं, तेव्हा आईला कळायचं. पण त्याआधीच आजीला कळलेलं असे. जिन्याच्या तोंडाशी तिसरी फळी पाय पडला की करकरायची. कुणी वर गेलं, कुणी दुपारी चोरून खाली आलं, ती फळी सांगून टाकायची. आजी तिला ‘बोलकी’ म्हणायची. दुरुस्त करू का, असं बाबांनी एकदा विचारलं तर तिने साफ नाही म्हटलं.

मागच्या माघात घर उतरवलं. भिंती ओल धरत होत्या, धाब्यावर दरवर्षी माती टाकायला आता कुणी नव्हतं, आणि भावांना स्लॅबचं घर हवं होतं. त्यात कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. जुन्या लाकडाचा व्यापारी घनफुटाने भाव ठरवून गेला. खांब, तुळया, दारं, चौकटी त्याने घेतल्या. मी माडीच्या फळ्या आणि चार कड्या मागितल्या.

धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, एवढ्या फळ्यांचं करशील काय?”

“उभ्याने काम करायला टेबल.”

तो काही बोलला नाही, पण फळ्या काढायला दोन दिवस माझ्याबरोबर उभा राहिला.

३४ वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी सुतारकाम शिकायला लागले. शिकवलं आमच्या गावच्या मिस्तरी आबांनी. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, धुळ्यात मुलाकडे असतात, मुलाचं फर्निचरचं दुकान आहे. लहानपणी ते आमच्या ओसरीवर बसून वखर, पांभर, बैलगाडीची चाकं नीट करून द्यायचे, आणि खळ्यावर माल आला की त्यांच्या वाट्याचं धान्य घरी जायचं. मी त्यांच्याजवळ बसून ढलप्या गोळा करायची, चुलीसाठी. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती, पण समजली साठीनंतर. आबांकडे टेबल नव्हतं, लाकूड आवळून धरायचा शिकंजा नव्हता, काहीच नव्हतं. जमिनीवर बसायचं, एक पाय लांब, एक दुमडलेला. फळीचं एक टोक भिंतीला किंवा रोवलेल्या खुंटीला टेकवलेलं. दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात. रंधा मारताना टाच फळीवर, लाकूड कोरायची पटाशी चालवताना मांडीचा भार. लाकूड धरण्याचं सगळं काम पाय करत होते. हात मोकळे होते म्हणून इतके चपळ होते.

आणि आमच्या घरात फक्त आबाच असे काम करत नव्हते. आई विळीच्या पाटावर पाय ठेवून भाजी चिरायची. पाय काढला की विळी डगमगते. आजी जात्याशी एक पाय पसरून बसायची. पाटा-वरवंटा, रवी, सूप, माडीवर पोती शिवायचं दाभण, उन्हाळ्यात बिबडे घालायचं पातेलं, सगळं जमिनीवर. जमीन हाच आमचा ओटा होता, आणि पाय हा तिसरा हात. १९७८ साली बाबांनी स्वयंपाकघरात कडप्पा टाकून ओटा बांधला. आईने दोन वर्षं त्यावर डबे ठेवले आणि स्टो घेऊन खालीच बसली. मला तेव्हा वाटायचं, आई जुन्या वळणाची आहे. आता कळतं की तिचा प्रश्न खरा होता. ओट्यावर विळी कशी चालणार? पाय तर खाली राहिले. मग सुरी आली, भाजी डाव्या हाताने धरायची सवय लागली, बोटं कापली, आणि हळूहळू पायांचं काम हातांकडे आलं. आईला ते जमलं तेव्हा ती चाळिशीची होती.

माझे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं तेव्हा पहिला विचार सुतारकामाचा आला. चार स्टुलं आणि एक देव्हारा एवढंच झालं होतं माझं. तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

आबांना सांगितलं, आता उभ्याने काम करणार. ते बराच वेळ तंबाखू चोळत राहिले. मग म्हणाले, “लाकूड धरशी कसं माय? पाय ते खाले राहतीन.”

आईचाच प्रश्न.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सुतारी टेबलाचा माथा. तो जड हवा, म्हणजे रंध्याच्या धक्क्याने सरकणार नाही. जाड हवा, म्हणजे त्यात आरपार भोकं पाडून खुंट्या ठोकता येतील आणि लाकूड त्या खुंट्यांना अडेल. सपाट हवा, कारण वाकड्या माथ्यावर ठेवलेली फळी रंध्याखाली दबते, सरळ झाल्यासारखी वाटते आणि उचलली की पुन्हा वाकडी. आमच्या फळ्या सव्वा इंच जाड, नऊ इंच रुंद. एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी जीभ. चालायला पुरेशा, हातोडीखाली मात्र थरथरणाऱ्या. अशा फळ्यांचा माथा दोन तऱ्हांनी होतो. एक म्हणजे आडव्याच ठेवून दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवायचे, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत. दुसरी, फळ्या उभ्या चिरून त्यांच्या पट्ट्या करायच्या, प्रत्येक पट्टी कडेवर उभी करायची आणि पुस्तकाच्या पानांसारख्या एकीला एक लावून सगळ्या चिकटवायच्या. मग पट्टीची रुंदी होते माथ्याची जाडी.

पुण्यातल्या भाच्याकडे घराच्या फ्लोअरिंगची तीन बंद खोकी उरली होती. तो म्हणाला, मावशी, हीच घे, जुनी कशाला काढत बसतेस. मी एक तुकडा मागवून उभा कापून पाहिला. वर साडेतीन मिलिमीटर खरं लाकूड, खाली प्लाय. अशा फळीचे थर देऊन माथा होईल, पण उभ्या पट्ट्या करायच्या तर आतून प्लायच दिसणार. ज्याच्याकडे आरपार सलग लाकडाचं फ्लोअरिंग उरलं असेल त्याने जरूर वापरावं. फक्त वरचं कारखान्यातलं पॉलिश आधी खरवडून काढावं, त्यावर फेविकॉल धरत नाही आणि रंध्याचं पातं लगेच बोथट होतं.

मी उभ्या पट्ट्यांचा मार्ग धरला, आणि त्यामागे गणितही होतं. लाकूड सगळीकडे सारखं फुगत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. ओलं साग पूर्ण वाळताना झाडाच्या वलयांना आडवं, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे, अडीच टक्क्यांच्या आसपास आखडतं. वलयांच्या बाजूने मात्र पाच-सहा टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. आमच्या फळ्या अशा चिरलेल्या होत्या की त्यांच्या रुंदीत जास्त हालचाल होती आणि जाडीत कमी. फळी उभी केली की तिची जाडी माथ्याच्या रुंदीत येते. म्हणजे रुंदीत हालचाल अर्ध्यावर. खानदेशात हे महत्त्वाचं. वैशाखात इथली हवा इतकी कोरडी असते की धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून वळावं तर वाळलेलं, आणि श्रावणात दारं चौकटीत अडकतात. त्या दोन टोकांमध्ये दोन फूट रुंदीचा माथा साधारण एक सूत हलणार, असा माझा हिशोब निघाला. इंचाचा आठवा भाग.

फळ्या काढताना पहिली फळी वाया घालवावी लागते. भिंतीकडची. तिची जीभ शेजारणीच्या खाचेत असते, ती फोडल्याशिवाय पहार घालायला जागाच मिळत नाही. पुढच्या मग जिभेच्या बाजूने हळूहळू उचलल्या तर शाबूत येतात. प्रत्येक कडीवर दोन-दोन खिळे. गंजलेला खिळा वरून उपटायला गेलं तर डोकं तुटतं आणि दांडा आत राहतो. टोक खालून ठोकून डोकं वर काढायचं आणि मग पकडीने ओढायचं. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं. लोखंड आणि सागातलं तुरट द्रव्य ओलाव्यात भेटलं की असा डाग पडतो, आणि तो चांगला दोन-तीन सूत खोल जातो. रंध्याने सहज जात नाही. मी तो घालवलाही नाही.

बोलकी फळी मी स्वतः काढली. ती का बोलायची ते तेव्हा दिसलं. जिन्याच्या बाजूच्या कडीवर तिचे दोन्ही खिळे नुसते उभे होते, लाकडाने त्यांना सोडून दिलं होतं. भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती, ज्वारीच्या दाण्याऐवजी गव्हाचा दाणा मावेल अशी. पाय पडला की फळी खिळ्यावर घसरायची आणि सुटला की परत यायची. ८६ वर्षांच्या ये-जा करण्याने झालेली ती भोकं. त्या फळीचा वरचा भाग मधोमध चांगला दोन सूत झिजलेला, हात फिरवला तर ताटासारखा खोलगट. खालची बाजू चुलीच्या धुराने काळी कुळकुळीत, तिला नख लावलं तरी काळं निघत नव्हतं, तुळतुळीत झालेलं.

धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत फळ्या रचल्या. एकीवर एक नाही, मध्ये पट्ट्या देऊन, म्हणजे चहूबाजूंनी वारा खेळेल. आबा येऊन बघून गेले. मला वाटलं, इतक्या वर्षांचं लाकूड, आणखी काय वाळायचं त्याचं? त्यांनी एका फळीचं टोक हातात धरून जोखलं. म्हणाले, “लाकूड मरेल नही शे माय. त्याले हालाले जागा ठेव.” दोन महिने ठेवल्या. तीन फळ्यांना त्या दोन महिन्यांत पीळ पडला, म्हणजे त्यांनाही काही सांगायचं होतं.

खिळे शोधायला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवला. खिळा आत असला की चुंबक दोऱ्यासकट ओढ घेतो. सगळ्या फळ्या पालथ्या-उताण्या करून झाल्या, मी निश्चिंत झाले, आणि चिरायला वखारीत नेल्या. चिरणं नीट झालं. मग पट्ट्या जाडीला एकसारख्या करायच्या मशीनमध्ये सातवी पट्टी जाताना आतून एक कडकडाट आला. तुटलेल्या खिळ्याचं जोंधळ्याएवढं टोक, कडेपासून खोल, माझ्या चुंबकातून सुटलेलं. मशीनच्या पात्याला दात पडले. वखारवाला रागावला आणि त्याचं रागावणं रास्त होतं. जुन्या घराचं लाकूड घेऊ नये असं तो आधीच म्हणाला होता, मीच गळ घातली होती. पात्यांचे पैसे दिले आणि पट्ट्या घरी आणल्या. उरलेलं सगळं रंध्याने.

ते दिवस मला आवडले, हे सांगायला हवं. पहाटे पाच ते आठ. सागाला स्वतःचा वास असतो, जुन्या चामड्यासारखा, थोडा तेलकट, आणि रंध्याखालून ढलपी निघाली की तो असा वर येतो की पडवीभर होतो. आतलं लाकूड सोनेरी निघतं. वरून धुराने काळं, पायांनी तपकिरी झालेलं, आणि एक सूत खाली गेलं की कालच तोडल्यासारखं. दोन-चार दिवस उघडं राहिलं की पुन्हा सावळं होतं. साग रंध्याला दमवतो. त्यात वाळूचा अंश असतो, धार लवकर जाते. दर तीन पट्ट्यांनंतर पातं दगडावर. बारीक भुसा नाकात गेला तर दिवसभर शिंका, म्हणून नाकाला पंचा बांधलेला.

आणि दर पट्टीची रेषा बघायची. मांजराच्या पाठीवर हात फिरवावा तसं आहे ते. एका दिशेने मऊ, उलट्या दिशेने केस उभे. रेषेच्या उलट रंधा मारला की लाकूड उपटतं. चोवीस पट्ट्या एकत्र चिकटल्यावर कोणाची रेषा कुठे ते बघत बसता येत नाही, म्हणून आधीच प्रत्येकीवर खडूने बाण काढला आणि सगळे बाण एका दिशेला लावले. हे सुचवलं आबांनीच. हे केलं नसतं तर पुढे माथा सपाट करताना रडले असते.

मग चिकटवणं. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे डिंक असो की फेविकॉल, पृष्ठभाग ताजा रंधलेला हवा, आणि थिनरचा बोळा फिरवून लगेच लावायचं. हे मला माहीत होतं. वैशाख मला माहीत असूनही माहीत नव्हता. बारा पट्ट्या एकदम चिकटवायला घेतल्या, सकाळी अकरा वाजता, ४३ अंशांत, आणि घाम गाळावा लागू नये म्हणून पंखा लावून. बाराव्या पट्टीला फेविकॉल लावेपर्यंत पहिलीवरचं सायीसारखं आटलं होतं. शिकंजे आवळले, वरून सगळं एकसंध दिसलं. दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडले तर चार सांध्यांत पोस्टकार्ड जाईल एवढी फट. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. चारही सांधे करवतीने उभे कापले, पुन्हा रंधले, त्यात रुंदी गेली, म्हणून नवव्या फळीच्या दोन पट्ट्या आणखी काढाव्या लागल्या.

नंतर पहाटे साडेचारला उठून, पंखा बंद, सहा-सहाचे गठ्ठे. दोन्ही बाजूंना जुन्या दातांच्या ब्रशने पातळ हात. शिकंजे एक वरून, एक खालून, नाहीतर गठ्ठा एका बाजूला वाकतो. आबांच्या मुलाने आठ शिकंजे दिले होते, ते कमी पडत होते. आबांनी मग जुनी रीत दाखवली. लांब फळीला दोन टोकांना ठोकळे ठोकायचे, मध्ये गठ्ठा ठेवायचा आणि उरलेल्या जागेत दोन पाचरी समोरासमोरून ठोकायच्या. बाभळीच्या पाचरी. हातोडीच्या तीन ठोक्यांत फेविकॉलचे मणी सांध्याच्या कडेने रांगेत बाहेर येतात. मणी सगळीकडे सारखे आले म्हणजे दाब सारखा. बैलगाडीच्या चाकाचे आरे बसवलेला माणूस, त्याला दाब डोळ्यांनी दिसतो.

गठ्ठ्याला गठ्ठा जोडून माथा झाला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच इंच जाड. म्हणजे अडीच घनफूट साग, वजन ४५ किलोच्या घरात. उलटा करायला दोघं भाऊ आले. सपाट करायला दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना उभ्या ठेवून, एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघायची. दोन्ही समांतर दिसल्या तर पीळ नाही. एक कोपरा वर दिसला की तिथे तिरपा रंधा. चार दिवस लागले.

एक गोष्ट मात्र पट्ट्या उभ्या करताना लक्षात आली आणि तेव्हापासून मनातून जात नाही. ज्या बाजूवरून आम्ही चाललो, जी मी गुडघ्यांवर झाडली, ती बाजू आता आत गेली. तिच्यावर रंधा फिरला, फेविकॉल लागलं, शेजारणीला चिकटली. माथ्यावर दिसते ती फळीची आतली चीर, जी १९३६ पासून कुणीच पाहिली नव्हती. माझ्या हाताखाली येतं ते सगळं अनोळखी लाकूड. ओळखीचं होतं ते पोटात. मी एकदा थांबलेही होते त्यासाठी, सगळं तसंच ठेवावं का म्हणून. पण झिजलेल्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवणं मला जमणार नव्हतं.

बोलक्या फळीची एक पट्टी तेवढी वेगळी लावली. सगळ्यात मागे, भिंतीकडे, झिजलेली बाजू बाहेर ठेवून, तिला रंधा न लावता. पुढची कड सरळच लागते, काम धरायला, तिथे ती चालली नसती. मागे हात नेला की बोटांना आधी खोलगटपणा लागतो आणि मग खिळ्यांचे ते दोन लांबट डाग.

पाय कड्यांचे केले. उंची माझ्या मनगटाएवढी, ३३ इंच. पुढच्या कडेला माथा सांगाड्यावर घट्ट बोल्ट केला, मागे बोल्टची भोकं लांबट ठेवली. तेव्हा हसू आलं मला, बोलक्या फळीने स्वतःच करून घेतलेली भोकं मी मुद्दाम पाडत होते. मागे सांगाड्यावर माथ्याच्या कडेला लागून पेन्सिलची रेघ मारली आणि तारीख घातली. गणपतीत पाहिलं तर रेघ माथ्याखाली गेलेली. सूत लावून मोजलं. जवळजवळ एक सूत. शिकवताना फळ्यावर हजारो उत्तरं बरोबर आली असतील, पण असा आनंद क्वचित झाला.

वरून जवसाचं तेल, दोनदा, पातळ. चकचकीत करायचं नाही, काम सरकतं. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, आमच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको. मी त्या दोरीवर मोकळ्या टाकल्या, वाळून कडक होईपर्यंत. डाव्या टोकाला लाकूड पकडायचा लोखंडी व्हाइस बसवला. माथ्यात भोकांची एक रांग पाडली आणि त्यांत धावड्याच्या खुंट्या, हातोडीच्या दांड्याचं लाकूड असतं तेच. खुंटीला अडवून पहिली फळी रंधली तेव्हा ती हलली नाही. पाय नुसते उभे होते. त्यांना काही काम नाही याची सवय व्हायला मला महिना लागला. अजूनही पटाशी चालवताना उजव्या पायाचा अंगठा चपलेत आवळला जातो, काहीतरी धरल्यासारखा.

आबा नवरात्रात आले. मुलगा हाताला धरून पडवीत घेऊन आला. त्यांनी माथ्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि अंगाचा भार टाकून हलवून पाहिला. हलला नाही. सांध्यांवरून नख फिरवलं. मागे गेले, बोटं त्या खोलगट कडेवर थांबली. “हाई जिनानी शे,” म्हणाले. जिन्याजवळची. त्या घरात ते ओसरीच्या पुढे क्वचितच आले असतील, पण माडीवर कड्या बदलायला एकदा त्यांना बोलावलं होतं, साठ वर्षांपूर्वी, त्यांच्या वडिलांबरोबर.

माझी पटाशी त्यांनी उचलली, धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि मान हलवली. धार गेली होती. दगड मागितला, वाटीत पाणी मागितलं. मी टेबलावर जागा करून दिली, स्टूल पुढे केलं. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं नाही. टेबलाच्या पायाला, आमच्याच कडीला, पाठ टेकवून सावकाश खाली बसले, एक पाय लांब केला, दगड टाचेशी अडवला आणि पाणी शिंपडलं. मी वरून वाकून वाटी धरली होती.